दूरच्या समुद्रातले युद्ध आणि मागून चालणारा टँकर

आपला प्रश्न असा आहे: १९८२ साली ब्रिटनने दक्षिण अटलांटिक महासागरातल्या आपल्या फॉकलंड बेटांपर्यंत जाऊन युद्ध जिंकले, आजचे एखादे आधुनिक नौदल घरापासून इतक्या दूर जाऊन लढू शकते का, आणि भारताला ते जमेल का?

लढू शकते, पण किती दिवस, हे त्याच्यामागे किती तेल, किती दारूगोळा आणि किती अनुभवी माणसे आहेत यावर ठरते. मी नौदलात पंधरा वर्षे इंजिन रूममध्ये काढली, त्यांतली काही वर्षे एका फ्लीट टँकरवर, म्हणजे ताफ्याला समुद्रातच तेल पुरवणाऱ्या जहाजावर. आता वर्धा जिल्ह्यात देवळी तालुक्यात कापूस आणि तूर पिकवतो. गावातली मुले मला विमानवाहू नौकेबद्दल पुष्कळ विचारतात. टँकरबद्दल आजवर एकानेही विचारलेले नाही, आणि आपल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मात्र त्या टँकरवरच आहे.

आधी फॉकलंडचेच पाहू. अर्जेंटिनाने २ एप्रिल १९८२ रोजी बेटे ताब्यात घेतली आणि ५ एप्रिलला 'हर्मिस' व 'इन्व्हिन्सिबल' या विमानवाहू नौका पोर्ट्समथहून निघाल्या. अंतर सुमारे १३,००० किलोमीटर. ताफ्यात युद्धनौका होत्या तशी सरकारने मालकांकडून तातडीने ताब्यात घेतलेली चाळीसहून अधिक व्यापारी जहाजेही होती; त्यांत तेलाची जहाजे होती, मालाची होती, 'कॅनबेरा'सारखी प्रवासी जहाजेसुद्धा होती. वाटेत साधारण निम्म्यावर असेन्शन बेट होते, तिथली धावपट्टी अमेरिकेची होती, आणि हवेतून मारा करणारी नवी साइडवाइंडर क्षेपणास्त्रेही अमेरिकेनेच दिली. त्या बेटावरून एका व्हल्कन बॉम्बफेकी विमानाला फॉकलंडची राजधानी स्टॅन्ली इथल्या धावपट्टीवर बॉम्ब टाकण्यासाठी पोहोचवायचे, तर हवेतच तेल देणारी ११ व्हिक्टर टँकर विमाने उडवावी लागली, आणि टाकलेल्या २१ बॉम्बपैकी एकच धावपट्टीवर पडला. अंतराची किंमत याहून स्पष्ट दाखवणारे दुसरे उदाहरण मला माहीत नाही.

त्यानंतर २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' या मालवाहू जहाजाला अर्जेंटिनाची एक्झोसेट क्षेपणास्त्रे लागली आणि माणसे व सामान वाहून नेणाऱ्या चारपैकी तीन चिनूक हेलिकॉप्टरे जळून गेली. परिणाम असा झाला की, सैनिकांना पाठीवर ओझे घेऊन ओल्या, दलदलीच्या जमिनीतून ऐंशी-नव्वद किलोमीटर पायी जावे लागले. बुडाले ते एक व्यापारी जहाज, पण त्यामुळे सगळ्या जमिनीवरील लढाईची चालच बदलली.

हीच 'हर्मिस' १९८७ मध्ये 'आयएनएस विराट' म्हणून आपल्या नौदलात आली आणि २०१७ पर्यंत सेवेत राहिली. आमच्या टँकरने तिला समुद्रात तेल दिले आहे, त्यामुळे ते काम कसे चालते ते सांगतो. दोन्ही जहाजे एकाच दिशेने, बारा-तेरा नॉट (ताशी बावीस-चोवीस किलोमीटर) वेगाने, मध्ये चाळीस-पन्नास मीटर पाणी ठेवून समांतर चालतात. आधी बंदुकीने एक बारीक दोरी पलीकडे फेकली जाते, तिला बांधून जाड दोर, त्याला बांधून पोलादी तार, आणि त्या तारेवरून मनगटाहून कितीतरी जाड अशी तेलाची नळी सरकते. अंतर कळावे म्हणून रंगीत झेंड्या लावलेली एक वेगळी दोरी दोन्ही जहाजांत ताणून धरलेली असते, आणि डेकवरच्या माणसाची नजर तिच्यावरून हलत नाही. मधले पाणी अरुंद जागेत कोंडले जाऊन उसळत राहते आणि दोन्ही जहाजांना एकमेकांकडे ओढते. सुकाणूवरच्या माणसाची एका अंशाची चूकसुद्धा महागात पडते. मी खाली पंपांपाशी असे, आणि नळीतला दाब जरा हलला तरी वर काहीतरी बिघडले की काय, या विचाराने सगळे गप्प होत. हे दोन-तीन तास चालते आणि तेवढा वेळ दोन्ही जहाजांना झटकन वळता येत नाही. शत्रूच्या पाणबुडीला याहून सोयीचा क्षण मिळायचा नाही. असे काम दर तीन-चार दिवसांनी, रात्री, खवळलेल्या समुद्रात, महिनोन्‌महिने करू शकणारी माणसे ज्या नौदलाकडे आहेत, तेच दूरचे युद्ध लढू शकते असे माझे मत आहे.

तेल तरी समुद्रात देता येते. क्षेपणास्त्रांचे तसे नाही. आजच्या विनाशिकेवर क्षेपणास्त्रे उभ्या नळकांड्यांत भरलेली असतात. अमेरिकेच्या आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिकेत अशी नळकांडी ९० किंवा ९६ असतात, ब्रिटनच्या टाइप ४५ मध्ये ४८. क्षेपणास्त्रे संपली की बंदरात, क्रेनखाली परतावे लागते. फवारणीला गेलेल्या माणसाच्या धुऱ्यावर पाण्याचा ड्रम असेल तर तो दिवसभर फवारू शकतो, पण प्रत्येक पंपाला गावातल्या विहिरीवर यावे लागले तर त्याचा दिवस चालण्यातच जातो. २०२३च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनमधल्या हुथी बंडखोरांची ड्रोन आणि क्षेपणास्त्रे पाडताना पाश्चात्त्य नौदलांना ही अडचण नेमकी जाणवली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या 'चोसिन' या क्रूझरवर कॅलिफोर्नियाजवळ भर समुद्रात रिकामे नळकांडे चढवून दाखवण्यात आले, पण ते प्रात्यक्षिक होते, रोजचे काम नव्हे. त्याच्या काही आठवडे आधी ओमानजवळ 'बिग हॉर्न' या अमेरिकी टँकरचे नुकसान झाले, तेव्हा जगातल्या सर्वांत बलाढ्य नौदलालाही त्या भागातील विमानवाहू ताफ्याच्या तेलाची पर्यायी व्यवस्था शोधावी लागली.

आमच्याकडून पुलगाव जवळच आहे. तिथले केंद्रीय दारूगोळा भांडार लष्कराचे आहे, नौदलाचे नाही, तरी त्याच्या कुंपणावरून जाताना मला नेहमी जाणवते की, समुद्रावरच्या लढाईचीही सुरुवात समुद्रापासून शेकडो कोस दूर, अशाच भांडारांत आणि भद्रावती, भंडारा येथील आयुध निर्माणींसारख्या कारखान्यांत होते. आधुनिक क्षेपणास्त्र तयार व्हायला अनेक महिने लागतात. युद्ध सुरू झाल्यावर मागणी नोंदवून भागत नाही, शांततेत जेवढे साठवले तेवढेच हाताशी असते.

आता आपल्या नौदलाविषयी. मार्च २०२४ मध्ये आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर 'आयएनएस कोलकाता'ने चाच्यांच्या ताब्यातील 'रुएन' हे जहाज सोडवले, १७ खलाशी सुखरूप परत आणले आणि ३५ चाच्यांना पकडले. मला त्याचा मनापासून अभिमान आहे, पण ते युद्ध नव्हते. दोन विमानवाहू नौका असलेल्या ताफ्याच्या पाठीशी ज्योती, आदित्य, दीपक आणि शक्ती हे चारच टँकर आहेत, आणि त्यांतले एखादे नेहमी दुरुस्तीत असणार हे धरून चालावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डशी सुमारे ४४,००० टनांची पाच पुरवठा जहाजे बांधण्याचा करार झाला. माझ्या दृष्टीने तो नव्या विमानवाहू नौकेइतकाच महत्त्वाचा आहे. एडनपासून मलाक्कापर्यंतच्या हिंदी महासागरात आपण आजही ठामपणे लढू शकतो. त्यापलीकडे एकट्याने दीर्घ युद्ध लढण्यासाठी आपले नौदल बांधलेलेच नाही, आणि तशी गरजही मला दिसत नाही.

राहिला ब्रिटन. त्याच्याकडे १९८२ पेक्षा कितीतरी मोठ्या दोन विमानवाहू नौका आहेत, पण विनाशिका सहाच आहेत, सैन्य उतरवणारी 'अल्बियन' आणि 'बुलवर्क' ही जहाजे सेवेतून काढण्याची घोषणा नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली, आणि दारूगोळा व सुटे सामान पुरवणारे 'फोर्ट व्हिक्टोरिया' हे एकमेव जहाज कर्मचाऱ्यांअभावी दीर्घकाळ धक्क्यावर उभे होते. फॉकलंडवर मात्र १९८५ पासून माउंट प्लेझंटची मोठी धावपट्टी आहे आणि तिथे चार टायफून लढाऊ विमाने असतात. ती धावपट्टी हातात असेपर्यंत बेटे राखणे ब्रिटनला जमेल. ती एकदा गेली, तर १९८२ सारखा ताफा पुन्हा पाठवून बेटे परत घेणे आज त्याला जमेल असे मला वाटत नाही.