प्लांटचं पाणी उसाला देताय? आधी युरिया कमी करा, दुकानदाराचं नंतर ऐका

शिरोळ-हातकणंगले भागातनं सध्या फोनवर एकच विचारणा चाललीय. गावाचा सांडपाणी प्लांट सुरू झाला, त्यातनं ओढ्याला सोडलेलं पाणी निवळ दिसतंय, मग ते उसाला द्यावं का, आणि दिलं तर जमिनीवर पांढरं का फुटतंय? त्यावर दुकानदार सांगतोय की जिप्सम टाका आणि ऊस हिरवागार राहायला युरियाचा हात वाढवा.

युरियाचा हात वाढवू नका. प्लांटमध्ये घाण कुजवून बसवतात, वास जातो, पाणी निवळतं, पण विरघळलेलं मीठ तिथं निघत नाही आणि साध्या प्लांटमधनं नत्रही बरंचसं तसंच खाली येतं. लिटरला 20 मिलिग्रॅम नत्र धरलं आणि एकराला 6 सेंटिमीटरचं पाणी दिलं तर एका पाण्यात जवळजवळ 5 किलो नत्र जातं, म्हणजे आठ पाण्यात युरियाच्या दोन बॅगा फुकट पडल्या की! सुरू उसाची (डिसेंबर-फेब्रुवारीत लावलेल्या) शिफारसच हेक्टरी 250 किलो नत्र, एकरी 100. त्यात ह्या दोन बॅगा वजा करायच्या सोडून वर आणखी दोन टाकल्या तर ऊस लोळणार, पक्वता लांबणार, साखर उतारा पडणार. मोठ्या बांधणीनंतर (उसाला शेवटची माती लावल्यावर) तर युरिया अजिबात नको, दुकानदार काहीही म्हणू दे. पानं काळीभोर दिसली की आपल्याला बरं वाटतं, पण कारखान्यात पानं जात नाहीत.

आता पांढरं फुटतंय त्याचं. पाण्याचा ईसी, म्हणजे लॅबच्या रिपोर्टातलं खारटपणाचं माप, 1.5 असेल तर लिटरला जवळपास एक ग्रॅम क्षार, म्हणजे वरच्याच हिशोबानं एकराला एका पाण्यात दोनशे किलोच्या वर मीठ आपण स्वतःच्या हातानं सोडतोय. जिप्सम चोपण जमिनीला, म्हणजे सोडियम जास्त असेल तिथं. नुसत्या खारवट जमिनीत जिप्सम म्हणजे मिठावर आणखी मीठ, आणि निचरा नसेल तर चोपणातही पैसे पाण्यात. त्यामुळं माती-पाण्याचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय एक पोतं पण उचलू नका. पाण्याची बाटली त्याच पाण्यानं तीनदा खळबळून भरा आणि त्याच दिवशी लॅबला पोचवा, चार दिवस मोटारसायकलच्या डिकीत ठेवून नको.

पाणी द्यायचंच असेल तर दोन पाळ्या विहीर-नदीच्या आणि एक ओढ्याची. लाईट गेली की प्लांट बंद पडतो आणि कच्चं सांडपाणी सरळ खाली येतं, तेव्हा काळं, फेसाळ, वासाचं पाणी दिसलं की मोटार बंद. ओढ्याला प्रोसेस हाऊसचं, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्याचं पाणी मिसळत असेल तर ते उसालाही नको, रंगाईत मीठ भरपूर वापरतात. कोथिंबीर, मेथी, काकडी, मुळा असलं कच्चं खायचं काही ह्या पाण्यावर घेऊ नका, आपलीच पोरं खातात ते. प्लांटचा गाळ पण ओला उचलून शेतात टाकू नका, किमान तीन-चार महिने कुजवून, आणि जड धातूंचा रिपोर्ट बघूनच.

माझं ऐकाल तर खोडवा काढल्यावर लगेच नवी लागण नको, एकदा धैंचा हे हिरवळीचं पीक घ्या. क्षार सोसतो, मुळं खोल जातात, 45 दिवसांत फुलावर येताना गाडला की माती मोकळी होते. बियाणं महाग नाही, तरी ह्याला कोण विचारत नाही कारण दुकानात त्याच्यावर कमिशन नाही. शेताच्या खालच्या कडेला चर काढून पाणी बाहेर निघतंय का ते मात्र आधी बघा, त्याशिवाय धैंचाही अर्धंच काम करतो.

ड्रिपवाल्यांनी सँड फिल्टर बसवा नाहीतर शेवाळानं ड्रिपर बुजतात. ड्रिपला अनुदान लहान शेतकऱ्याला 55 टक्के, बाकीच्यांना 45, वर राज्याची भर, अर्ज महाडीबीटी ह्या सरकारी पोर्टलवर. माती तपासणीसाठी नमुना गावच्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडं (पूर्वीचा कृषी सहाय्यक) द्या.