ट्यूब ओली आहे, बुरशी नाही, तरी मुंग्या मरतायत? आधी मोहोराकडे बघा

दादा, पाळलेल्या मुंग्या अचानक का मरतायत हे विचारलंय तुम्ही, ते वाचलं आणि माझ्या मेलेल्या फायडोल (मुंग्यांचाच एक प्रकार) आठवल्या. तुमचं घर गुहागरला, कॉलनी दीड वर्षाची, ट्यूबमध्ये (कापसाच्या बोळ्यामागे पाणी अडवून मुंग्या ठेवतात ती काचेची नळी) पाणी आहे, कापूस स्वच्छ, आणि जानेवारीत दोन दिवसांत निम्म्या वर्कर, म्हणजे कामकरी मुंग्या, उताण्या पडून पाय झाडतायत. दमट हवा, ऊन, बुरशी हे सगळं बाकीच्यांनी सांगून झालंय. माझ्या मते (फक्त माझं मत हां, मी काही कीटकशास्त्रज्ञ नाही) यातलं काहीच नाही. बुरशीनं कॉलनी सहसा अशी तडफडत नाही, ती हळूहळू रोडावते. तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की खायला पडवीतल्या दिव्याखाली पडलेले किडे देता. घोळ तिथंच आहे.

ट्यूब कशी भरायची, राणी अंधारात कशी ठेवायची यात मी शिरत नाही, दीड वर्ष टिकवलीत म्हणजे येतंच तुम्हाला.

आता बाहेर बघा, हापूसला मोहोर आलाय. तुडतुडे, फुलकिडे आले की बागांतून पंप सुरू होतात. डेल्टामेथ्रिन, लॅम्डा सायहॅलोथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम, यातलं काही ना काही पालवीपासून फळ धरेपर्यंत आलटून पालटून मारलं जातं. ही सगळी किड्याच्या नसांवर काम करणारी औषधं, आणि इमिडाक्लोप्रिड तर झाडाच्या रसातही उतरतं. दिव्याखाली जो सुस्त किडा सहज चिमटीत येतो तो सुस्त का आहे याचा विचार करा. त्यात मुंग्यांचं असं की पूर्ण वाढलेली मुंगी घट्ट काही गिळतच नाही, फक्त रस पिते, किड्याचे तुकडे अळ्यांना जातात आणि पोटातला रस तोंडातोंडी सगळीकडे फिरतो, राणीपर्यंत. म्हणजे एका किड्यातलं औषध एकीपुरतं राहत नाही.

माझं असंच व्हायला लागलं तेव्हा मला फवारणीचाच संशय होता, म्हणून मी एका सरकारी ऑफिसात गेलो, नाव घेत नाही. विचारायचं एवढंच होतं की सध्या आमच्याकडे कुठलं औषध मारायला सांगितलंय आणि त्याचा असर किती दिवस राहतो. एका टेबलावर सांगितलं साहेब फील्डवर आहेत, दुसऱ्यावर सातबारा मागितला (मुंग्यांचा सातबारा!!), आणि आतले गृहस्थ हसून म्हणाले, मुंग्या मेल्या तर बरंच झालं की, लोक त्यासाठी पावडर विकत आणतात. वर ठणकावून सांगितलं की तुडतुड्याचं औषध तुडतुड्यालाच लागतं, मुंगीला काही होत नाही. खुर्चीवरचा माणूस सांगतोय म्हटल्यावर मी तेच किडे देत राहिलो आणि उरलेल्या वर्कर, मग अळ्या, मग राणी, सगळं गेलं. हसल्याचा राग नाही मला, हसा की. पण माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा ना. उद्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवणारा हाच प्रश्न घेऊन आला तर त्यालाही हेच ऐकवणार का? असो, बीपी वाढतं.

गैरसमज नको, मी फवारणीच्या विरोधात नाही. आमचीही कलमं आहेत, तुडतुडा लागला की चिकटा पडतो, पानं काळी होतात, वर्षाचं पीक हातचं जातं. बागायतदाराशी भांडायला जाऊ नका, उलट तोच तुम्हाला खरं सांगेल, रिकामी बाटली दाखवेल. मला शेवटी फवारणीच्या गड्यानंच सांगितलं.

तर आता, मोहोर सुरू झाल्यापासून आंबे उतरेपर्यंत बाहेरचा एकही किडा देऊ नका. रव्यात अळ्या झाल्या की घरात शिव्या पडतात, त्याच अळ्या गरम पाण्यातून काढून द्या, फायडोल तुटून पडतात. नाहीतर ताजी कोळंबी मीठ न घालता उकडून नखाएवढा तुकडा, दुसऱ्या दिवशी उचलायचा नाहीतर वास मारतो. बाकी साखरपाणी पुरे.

कॉलनी कुठल्या खिडकीशी आहे तेही बघा. पंप बहुतेक सकाळी वारा पडलेला असताना चालतो, पण जो काही वारा असतो तो मतलई, डोंगराकडून समुद्राकडे. तुमच्या पूर्वेला बाग असेल तर सकाळी ती बाजू बंद ठेवा. दुपारी खारा वारा सुटला की उलटं.

आणि अवांतर, आउटवर्ल्डच्या (ट्यूबबाहेर मुंग्या फिरतात, खातात तो डबा) कडेला त्या बाहेर पडू नयेत म्हणून टाल्कम पावडर लावलीय असं दिसतंय फोटोत. आत्ता चालेल, पावसाळ्यात आपल्या हवेत ती ओली होऊन गळते आणि सकाळी मुंग्या देवघरात सापडतात. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात द्या आणि खाली पाण्याचं ताट ठेवा, गुळाच्या डब्याखाली ठेवतात तसं. घरातल्या मुंग्याही मग वर चढत नाहीत.

राणी अजून चालतेय म्हणालात ना? मग आजच नवीन ट्यूब, नवा कापूस, तिच्याबरोबर धडधाकट दिसणाऱ्या वर्कर आणि थोडी अंडी-कोष. मोठ्या अळ्या मी तरी नेणार नाही, त्यांच्या पोटात काय गेलंय कोण जाणे, पण यावर दुसऱ्यांचं मत वेगळं असू शकतं. जुनी ट्यूब धुऊन परत वापरू नका. आणि तुमच्याकडे कुठलं औषध मारलंय ते कळलं तर इथं लिहा.