तारकागुच्छाचं ‘वय’ सांगणारे निळे तारे

प्रश्न: मे महिन्यात गुहागरच्या किनाऱ्यावरून द्विनेत्रीतून ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दिसला. असे गुच्छ बहुतेक सगळेच दहा-बारा अब्ज वर्षांचे. मग त्यातल्या काहींना ‘तरुण’ का म्हणतात? – एक वाचक, गुहागर

उत्तर: ताऱ्यांचं वय वेगळं, गुच्छाच्या रचनेचं वेगळं. तारे जवळून जाताना ऊर्जेची देवघेव होते आणि जड तारे ती गमावून केंद्राकडे सरकतात. ते जितके सरकले, तितकं रचनेचं वय जास्त; आणि हे कळतं ‘ब्लू स्ट्रॅगलर’ म्हणजे गुच्छातल्या इतरांहून निळ्या, जड ताऱ्यांवरून. खगोलशास्त्रज्ञ ॲलन सँडेज यांनी १९५३ मध्ये ते एम३ गुच्छात नोंदवले. सोबत्याचा वायू ओढून किंवा टकरीतून एकरूप होऊन हे तारे वजन कमावतात. इतर तारे सूर्याच्या ०.८ पट, तर हे साधारण १.२ पट.

मोजणी अतिनील छायाचित्रांवर करावी. तिथे तांबडे राक्षसी तारे मंद पडतात. केंद्रापासून बाहेर जाताना निळ्या ताऱ्यांची संचित (त्या अंतरापर्यंतची एकूण) टक्केवारी साध्या ताऱ्यांच्या टक्केवारीशेजारी आलेखावर मांडा. दोन रेषांमधलं क्षेत्रफळ जितकं मोठं, तितका गुच्छ उत्क्रांत, म्हणजे रचनेने म्हातारा. फसगत गर्दीत होते: दोन ताऱ्यांचा प्रकाश मिसळून खोटा निळा तारा तयार होतो, आणि केंद्रातले मंद तारे मोजायचे राहून गेले तर क्षेत्रफळच चुकतं. वाटेतले परके तारे स्वगतीवरून, म्हणजे आकाशातल्या त्यांच्या वेगळ्या सरकण्यावरून गाळणंही तितकंच गरजेचं.

ओमेगा सेंटॉरीत निळे तारे इतरांसारखेच विखुरलेले, म्हणून तो तरुण. एम३० या गुच्छात मात्र ते केंद्रात दाटलेत, म्हणून तो म्हातारा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास छोट्या दुर्बिणीतून मकर राशीत तो जरूर शोधा.