वाचकांचे प्रश्न : अमेरिकी माजी सैनिकाचा दफनविधी

प्रश्न : माझ्या मुलीचे सासरे तरुणपणी अमेरिकेच्या लष्करात होते. त्यांचे नुकतेच निधन झाले असून पुढील आठवड्यात दफनविधी आहे. ते कोणत्याही युद्धात लढले नव्हते आणि निवृत्तिवेतन मिळण्याइतकी त्यांची सेवाही झाली नव्हती, त्यामुळे त्यांना लष्करी मानवंदना मिळेल की नाही, याविषयी घरात दुमत आहे. ती कोणाकडे मागावी? एकवीस तोफांची सलामी असते का? आम्ही भारतीय नागरिकांनी त्या वेळी काय करावे?

उत्तर : मानवंदना मिळेल, मात्र ती मागावी लागेल. ज्या सैनिकाची सक्रिय सेवेतून मुक्तता अप्रतिष्ठेच्या कारणावरून झालेली नाही, त्याच्या कुटुंबाने विनंती केल्यास किमान मानवंदना देणे १ जानेवारी २००० पासून अमेरिकी कायद्याने बंधनकारक आहे. युद्धातील सहभाग किंवा निवृत्तिवेतन ही त्यासाठीची अट नाही. विनंती सहसा अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या फ्युनरल होममार्फत केली जाते आणि तिच्यासोबत सेवामुक्तीचा दाखला, म्हणजे तेथे सर्वांना ‘डीडी-२१४’ या नावाने परिचित असलेला कागद, जोडावा लागतो. तेव्हा आपल्या जावयांनी इतर कामे बाजूला ठेवून आधी वडिलांच्या कपाटात तो शोधावा. तो सापडला नाही, तर सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेख केंद्राकडून सेवेचा पुरावा मागवता येतो. परंतु १९७३ मध्ये तेथे लागलेल्या आगीत १९१२ ते १९६० या काळात लष्करातून मुक्त झालेल्यांच्या बहुतांश नोंदी जळाल्या, त्यामुळे सेवा त्या काळातील असल्यास फ्युनरल होमला तसे आजच सांगणे श्रेयस्कर.

किमान मानवंदनेसाठी सैन्यदलांचे निदान दोन गणवेशधारी प्रतिनिधी येतात आणि त्यांपैकी किमान एक मृत व्यक्तीच्याच दलाचा असतो. शवपेटीवर राष्ट्रध्वज असा पसरलेला असतो, की ताऱ्यांचा निळा भाग मृताच्या डोक्याकडे, डाव्या खांद्यावर येतो. बिगुलावर ‘टॅप्स’ ही चोवीस स्वरांची धून वाजते. १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या काळात, जनरल डॅनियल बटरफिल्ड यांच्या छावणीत ती आजच्या रूपात प्रथम वाजवली गेली. बिगुलवादक उपलब्ध नसेल, तर ध्वनिमुद्रित धून ऐकवणारा बिगूल वापरतात. त्यात वावगे मानू नये. त्यानंतर ध्वजाच्या त्रिकोणी घड्या घालून तो राष्ट्राध्यक्ष, संबंधित दल आणि कृतज्ञ राष्ट्र यांच्या वतीने निकटच्या वारसाच्या, बहुधा पत्नीच्या, हाती दिला जातो. ध्वज कबरीत उतरवायचा नसतो आणि तो जमिनीला टेकूही द्यायचा नसतो. त्याच्या तेरा घड्यांचा एकेक अर्थ सांगणारे निवेदन काही ठिकाणी वाचले जाते, पण त्या अर्थांना अधिकृत मान्यता नाही. कुटुंबाला ते भावत असेल तर वाचावे, नसेल तर वगळल्याने काहीही उणे राहत नाही.

तोफांची सलामी मात्र येथे नसते. एकवीस तोफांचा मान राष्ट्रप्रमुखांसारख्यांसाठी असतो. दफनविधीत ऐकू येतात त्या बंदुकांच्या तीन फैरी, आणि अनेकदा सात जण त्या झाडत असल्याने बेरीज एकवीस होते, त्यातूनच हा गोंधळ रूढ झाला आहे. या फैरी किमान मानवंदनेत धरलेल्या नाहीत. पथकात पुरेशी माणसे नसतील, तर ‘अमेरिकन लीजन’सारख्या माजी सैनिकांच्या संघटनेची स्थानिक शाखा पुष्कळदा त्यासाठी माणसे देते, म्हणून तिच्याकडे विचारणा करावी. काडतुसे पोकळ असली, तरी आवाज मोठा असतो. वृद्धांना आणि लहान मुलांना त्याची पूर्वकल्पना द्यावी.

आपल्याविषयी म्हणाल, तर परदेशी नागरिकांनी छातीवर हात ठेवणे किंवा सॅल्यूट करणे अपेक्षित नाही. ध्वज हलवला जात असताना आणि धून सुरू असताना सरळ, शांत उभे राहावे. उभे राहणे शक्य नसल्यास बसून राहण्यास कोणाचीही हरकत नसते. टाळ्या वाजवू नयेत आणि छायाचित्रे घ्यायची असल्यास घरच्यांना आधी विचारावे.

दफन राष्ट्रीय दफनभूमीत होणार असल्यास जागा, कबर खोदणे व बुजवणे आणि शिलालेख यांचा खर्च सरकार करते, आणि पुढे पत्नीलाही तेथेच जागा मिळू शकते. खासगी दफनभूमीत जागेचा खर्च कुटुंबाचा असतो, मात्र शिला तेथेही विनामूल्य मागता येते. सरकारकडून ध्वज एकच मिळतो, त्यामुळे भावंडे अनेक असल्यास तो कोणी स्वीकारायचा, हे दफनभूमीवर जाण्यापूर्वीच घरात ठरवून घ्यावे.