तरुण संघासाठी कोणती पुस्तकं घ्यावीत?

प्रश्न : सलाम ताई. आमचं गाव श्रीरामपूर तालुक्यातलं. आमच्या चर्चच्या मंडळीने यंदा तरुण संघाची जबाबदारी माझ्यावर टाकली आहे. 18 मुलंमुली आहेत, वय 13 ते 22. मंडळीच्या पंचांनी साहित्यासाठी 5,000 रुपये मंजूर केलेत. ओळखीच्या एकांनी तरुण संघांसाठीचा अमेरिकेतला, इंग्रजीतला वर्षभराचा अभ्यासक्रम सुचवलाय, व्हिडिओंसकट. घेऊ का?
– एक शिक्षिका

उत्तर : सलाम. लगेच घेऊ नकोस. आधी त्यातला एकच पाठ संघातल्या दोघांना मोठ्याने वाचायला दे. एक कॉलेजात जाणारी आणि एक शाळा सोडून एमआयडीसीत लागलेला. दोघांपैकी एकजण जरी अडखळून गप्प झाला, तर तो पाठ तुमच्या संघाचा नाही.

मी 24 वर्षं संघ चालवला, पण हे मला उशिरा कळलं. मीही असाच एक संच आणला होता. पहिल्या पाठातला मुलगा वडिलांची मोटार न विचारता घेऊन जातो. आमच्या मुलांपैकी कुणाच्याच दारात मोटार नव्हती. मुलं माना डोलवत राहिली आणि तिसऱ्या रविवारी निम्मी आलीच नाहीत.

मग मी नुसता बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 15वा अध्याय घेतला, उधळ्या मुलाची गोष्ट. धाकटा मुलगा बापाकडे वाटणी मागतो, इथपर्यंत वाचून झालं आणि मागून एकाने विचारलं, "बाप जिवंत असताना? म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावून मागितलं?" त्याच्या घरी चुलत्यांशी बांधावरून कोर्टकचेरी चालू होती, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. क्षणभर कुणी बोललं नाही. मग जे सुरू झालं ते दीड तास चाललं. धाकटा परत आल्यावर बाप मेजवानी घालतो, तेव्हा थोरला भाऊ घरात का येत नाही, यावरून तर मुली हिरिरीने भांडल्या.

म्हणून पहिला खर्च मराठी बायबलवर कर. प्रत्येकाच्या हातात स्वतःची प्रत हवी. काही जुन्या मराठीतल्या, काही सोप्या मराठीतल्या घे. दोन्ही शेजारी ठेवून वाचलं की शब्द वेगळा दिसतो आणि प्रश्न आपसूक निघतात. तुझ्या तयारीसाठी बायबलचा शब्दकोश लागेल, तो पाळकसाहेबांकडून मागून आण.

गाण्यांना 'उपासना संगीत' हे आपल्या मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक आहेच. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे भजन-कीर्तन आपल्या मंडळ्यांत रुजवलं. त्या पुस्तकात त्यांची शंभराहून जास्त पदं आहेत. मुलं गिटार मागतील, खुशाल वाजवू दे. टिळकांचं पद गिटारवर फार गोड लागतं.

तो इंग्रजी संच कुणाकडून वाचायला मिळाला तर खेळ तेवढे उचल.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते ते. तेरा वर्षांची मुलगी आणि बावीस वर्षांचा मुलगा एका गटात बसवू नकोस. अठराच्या आतल्यांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा 2012 चा पॉक्सो कायदा आहे, तो संघात मदत करणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांग. शिबिराला पालकांची लेखी परवानगी घे, मुलींसोबत मुक्कामाला दोन बायका ठेव. कुणाही मोठ्याने एकट्या मुलाला बंद खोलीत बसवून बोलायचं नाही, रात्री खासगी मेसेज करायचे नाहीत. हे एका कागदावर लिहून पंचांच्या सह्या घे. पुस्तकं आणायला जाण्याआधी.