नवख्या नटांना दिग्दर्शकाने करून दाखवावं का?

तुम्ही विचारलंय की कॉलेजची एकांकिका पहिल्यांदाच बसवताय, सहापैकी चार जण कधी रंगमंचावर उभेच राहिलेले नाहीत, हातात पाच आठवडे आहेत. मग वाक्यं म्हणून दाखवावीत का?

हालचाल दाखवा, वाक्य नको. नऊवारीत पाटावर कसं बसायचं, विंगेतून येताना दार कुठल्या हाताने ढकलायचं, हे बेलाशक करून दाखवा. वाक्य म्हणून दाखवलंत की मुलं अर्थ सोडून सूर उचलतात. चार दिवसांत तो सूरही घसरतो, आणि समोरच्याने वाक्य जरा वेगळं टाकलं की यांना उत्तरच देता येत नाही. जुन्या नाटक मंडळ्यांत तालीम मास्तर घोटून घेत. ‘शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांची ख्याती त्यासाठीही होती. पण तिथे नट वर्षानुवर्षं कंपनीतच राहायचा. तुमच्याकडे पाच आठवडे आहेत, त्यातही सबमिशन्स.

मग सांगायचं काय? भावना सांगू नका, काम सांगा. समजा, घर सोडून निघालेल्या नवऱ्याला बायको म्हणते, ‘चहा ठेवलाय.’ ‘दुःखाने म्हण’ म्हणालात तर रडका सूर मिळेल. ‘त्याला चप्पल घालू देऊ नकोस’ म्हणा. ती आपसूक दाराच्या आणि त्याच्या मधे येऊन उभी राहील, आवाजाचं तिचं ती बघेल.

पहिला आठवडा नुसतं बसून वाचन. तिसऱ्याच दिवशी ब्लॉकिंगची, म्हणजे कोण कुठे उभं राहणार, कुठून कुठे जाणार हे ठरवायची घाई केली की एक हात संहितेत अडकतो, मान खाली जाते, आणि ती सवय पाठांतर झाल्यावरही जात नाही. तिसऱ्या आठवड्याअखेर संहिता हातातून काढून घ्या. शेवटचा आठवडा रनथ्रू, म्हणजे अख्खं नाटक न थांबता.

आवाजाचं दुखणं मात्र खास आपलं आहे. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, आणि नवख्याचा श्वास नेमका तिथेच संपतो. ‘मी येणार नाही’मधलं ‘नाही’ गिळलं की प्रेक्षकाला उलटंच ऐकू जातं. तालमीच्या खोलीत हे लक्षात येत नाही, पुण्याच्या भरत नाट्य मंदिरासारख्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसलं की कळतं. ‘मोठ्याने बोल’ हा उपाय नव्हे. त्याने घसा ताणतो आणि वाक्याची सुरुवातच तेवढी मोठी होते. त्यापेक्षा हातात चेंडू द्या आणि शेवटच्या शब्दालाच तो समोरच्याकडे टाकायला सांगा. दोन-तीन तालमींत वाक्याचं शेपूट उभं राहतं.

रनथ्रूनंतरच्या नोट्स, म्हणजे तुम्ही टिपून ठेवलेल्या सूचना, एका नटाला तीनच. आठ दिल्यात तर तो एकही धरत नाही, वर पुढच्या वेळी स्वतःकडेच बघत राहतो. ‘एनर्जी कमी होती’ ही नोट नव्हे, ती तक्रार झाली. जागा, क्यू (कशावर कोणी बोलायचं-हलायचं तो इशारा), प्रॉपर्टी (नाटकात वापरायच्या वस्तू) यांच्या नोट्स सगळ्यांसमोर. अभिनयाची अवघड नोट बाजूला घेऊन, आणि लगेच तेवढा तुकडा करून बघायचा. लाइट्स आणि म्युझिक बघणाऱ्या मुलांनाही नोट्स द्या, त्यांना बहुतेकदा फक्त ओरडा मिळतो.

फिरोदिया करंडकाला, म्हणजे पुण्यातल्या त्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला उतरणार असाल तर नाटकात गाणं, नाच, चित्रकलाही गुंफावी लागते. तिथे त्या त्या मुलालाच तालमीचा एक तास चालवू द्या.

प्रयोगाच्या दिवशी अभिनयाची एकही नोट नाही. नव्या जागेत प्रवेश-निर्गम दोनदा चालून घ्या, प्रॉपर्टीचं टेबल तपासा आणि विंगेत उभं राहून ओठ हलवू नका, नटांना ते दिसतं.