जॅझ बेस बँडमध्ये हरवतो तेव्हा: पिकअप, प्रीॲम्प, ब्रिज आणि खर्चाचा क्रम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चार तारांचा, जॅझ पद्धतीचा, दोन सिंगल कॉइल पिकअपचा (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग), पॅसिव्ह म्हणजे बॅटरीशिवाय चालणारा बेस गिटार आहे. घरी छान वाजतो. पण ऑर्केस्ट्राच्या कार्यक्रमात ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की तो ऐकूच येत नाही, आवाज पोकळ वाटतो, वर गुणगुण येते. केबल थेट मिक्सरला जाते. तालमीला २० वॉटचा छोटा ॲम्प आहे. म्हणून पिकअप, ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बेसच्या आत बसणारं, बॅटरीवर चालणारं सिग्नल वाढवायचं सर्किट) आणि जड ब्रिज (बॉडीवर तारा अडकतात तो धातूचा भाग) असं सगळं एकदम बदलायचा विचार आहे.

माझं मत आधीच सांगतो. ब्रिजला हात लावू नका, प्रीॲम्प आत्ता घेऊ नका, आणि पिकअप बदलायचेच तर गुणगुणीसाठी बदला, ताकदीसाठी नाही. ताकद दुसरीकडेच सांडतेय.

सगळ्यात जास्त सांडतेय ती मिक्सरच्या जॅकमध्ये. पॅसिव्ह पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल नाजूक असतो आणि समोरच्या यंत्राचा इनपुट इम्पिडन्स, म्हणजे सिग्नलला होणारा विरोध, खूप मोठा असावा लागतो, निदान ५०० किलोओम, शक्यतो १ मेगाओम. बेसच्या ॲम्पमध्ये तो असतोच. मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पिडन्स मात्र साधारण १० किलोओमच्या आसपास असतो. तिथे बेस थेट खोचला की पिकअपवर भार येतो, पातळी पडते, वरचा उजाळा जातो आणि उरतो तो बोथट, दबका आवाज. मग साउंडवाला गेन वाढवतो, गुणगुणही वाढते, आणि दोष पिकअपच्या माथी येतो. उपाय डीआय बॉक्सचा, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मध्ये बसून पिकअपवरचा भार काढणाऱ्या छोट्या डब्याचा. तुमच्या बेससाठी ॲक्टिव्ह डीआय घ्या. तो मिक्सरच्या ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरवर चालतो, बरेचसे ९ व्होल्टच्या बॅटरीवरही चालतात. पुढे बेस बदललात, पिकअप बदललेत, तरी हा डबा कामाला येतोच. यादीत तो पहिला ठेवा. काही मिक्सरवर एखाद्या चॅनेलला गिटारसाठी ‘हाय झी’ असं बटण असतं. असेल तर डीआय येईपर्यंत तो चॅनेल मागून घ्या.

आता पोकळपणाचं. जॅझ बेसचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे ठेवून वाजवत असाल तर पोकळपणा तिथेच तयार होतो. दोन्ही पिकअप एकाच तारेला दोन वेगळ्या जागी ऐकतात. खालच्या सुरांत दोघांचं एकमत असतं. मधल्या काही हार्मोनिक्समध्ये (मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या सुरांत) मात्र एका पिकअपखाली तार वर असते तेव्हा दुसऱ्याखाली ती खाली असते, आणि ते हार्मोनिक्स एकमेकांना खातात. एकट्याने वाजवताना हा कोरलेला आवाज गोड लागतो, स्लॅपला तर हवाहवासा वाटतो. पण बँडमध्ये बेस ओळखू येतो तो साधारण २५० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि खड्डा नेमका त्याच भागात पडतो.

घरी एकदा शांतपणे करून बघा. ई तारेच्या पाचव्या फ्रेटवर ‘ए’ धरा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे. सूर वाजवत राहा आणि मागच्या, म्हणजे ब्रिजकडच्या पिकअपचा व्हॉल्यूम अगदी हळू कमी करत जा. सुरुवातीच्या थोड्याशा फिरवण्यातच आवाजाच्या पोटात काहीतरी भरल्यासारखं जाणवेल. तिथे थांबा. आता उलट करा: मागचा पूर्ण, पुढचा थोडा कमी. हा आवाज जास्त घट्ट, नाकातला, बोलका असतो. नामवंत बेसवादक जाको पास्टोरियसच्या १९६२ च्या फ्रेटलेस (फ्रेटच्या पट्ट्या नसलेल्या) जॅझ बेसचा आवाज बहुतांशी या मागच्या पिकअपमधून आणि ब्रिजजवळ चालणाऱ्या बोटांतून आलेला आहे. गर्दीत ओळखू यायचं असेल तर या दोन जागा पाठ करा. एवढ्याने अर्धं काम होतं, आणि खिशाला शून्य तोशीस.

याच्या पुढची पायरी मला सर्वांत लाडकी आहे आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं: दोन्ही पिकअप पॅरलल (शेजारी-शेजारी) ऐवजी सिरीजमध्ये (एकामागून एक) जोडणारा स्विच. सिरीजमध्ये आवाज मोठा होतो, मध्य जाड होतो, वरची धार थोडी कमी होते. १९५७ पासून फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसवर जो दुभागलेला पिकअप आहे, त्याची दोन अर्धी कॉइल्स सिरीजमध्येच असतात. त्या भरदारपणाच्या जवळ जाणारा आवाज जॅझ बेसमधून मिळतो. लागतो फक्त एक सहा पायांचा टॉगल स्विच. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो सहज आणि स्वस्तात मिळतो. बॉडीला भोक पाडायचं नसेल तर एका पॉटच्या (नॉबखालच्या फिरत्या रोधाच्या) जागी ओढून चालणारा पुश-पुल पॉट लावता येतो, तो मात्र बहुधा ऑनलाइन मागवावा लागतो.

जोडणी अशी: पुढच्या पिकअपची अर्थची तार पॉटच्या पाठीवरून सोडवून स्विचच्या एका बाजूच्या मधल्या पायावर आणायची. मागच्या पिकअपची गरम, म्हणजे सिग्नलची, तार तिच्या व्हॉल्यूमवरून सोडवून दुसऱ्या बाजूच्या मधल्या पायावर. स्विच एका दिशेला असताना पहिली तार अर्थला आणि दुसरी आपल्या जुन्या व्हॉल्यूमला जाते, म्हणजे नेहमीचा जॅझ बेस. दुसऱ्या दिशेला या दोन तारा एकमेकींना जोडल्या जातात. मग पुढचा व्हॉल्यूम दोघांचा मिळून मास्टर होतो आणि मागचा निकामी. सोल्डरिंग करताना पॉटच्या पाठीवर सोल्डरिंग आयर्न फार वेळ धरू नका. आधी पाठ थोडी घासून घ्या म्हणजे कथील पटकन धरतं. नाहीतर आतला कार्बनचा ट्रॅक तापून पॉट खरखरायला लागतो.

आणि याचा तुमच्या गुणगुणीशी थेट संबंध आहे. जॅझ बेसच्या जोडीतला एक पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट्या चुंबकाचा असतो. दोघांचे व्हॉल्यूम समान असले की गुणगुण कटते, एक कमी केला की परत येते. म्हणजे वर सांगितलेली व्हॉल्यूमची युक्ती मध्य देते पण गुणगुण आणते. सिरीजमध्ये मध्यही भरतो आणि गुणगुणही कटलेली राहते.

तरीही आवाज राहिला तर आधी तो कुठला ते शोधा, कारण दोन जातींना दोन वेगळे उपाय आहेत. तारांवर हात ठेवल्यावर आवाज एकदम कमी होत असेल तर अर्थ ठीक आहे, कमी आहे ती शील्डिंगची, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणाऱ्या आवरणाची. कंट्रोल आणि पिकअपच्या खोबणीत तांब्याची चिकटपट्टी लावा, पट्ट्यांचे सांधे सोल्डरने जोडा आणि सगळं एका ठिकाणी अर्थला न्या. गरम तारेचं टोक पट्टीला टेकत नाही ना, हे झाकण लावण्याआधी बघा, नाहीतर बेस पूर्ण मुका होईल. पण हात ठेवूनही आवाज तसाच राहतो आणि तुम्ही जागेवरच अंगासकट वळलात की कमी-जास्त होतो, तर तो ट्रान्सफॉर्मरच्या किंवा स्टेजच्या दिव्यांच्या डिमरच्या चुंबकी क्षेत्रातून कॉइलमध्ये येतोय. तांब्याची पट्टी त्याला अडवत नाही. तिथे हमकॅन्सलिंग, म्हणजे स्वतःच गुणगुण कटवणारे, पिकअपच हवेत.

तिसरी शक्यता गंभीर आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल, किंवा गाताना माइकला ओठ लागून झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं तिथेच थांबवा. मांडवातल्या किंवा जनरेटरच्या वायरिंगला अर्थिंग नाही, नाहीतर कुठेतरी उलटसुलट जोडलंय. इलेक्ट्रिशियनला बोलवा. गुणगुण जावी म्हणून ॲम्पच्या प्लगची जाडी पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बेसवादकाचा एक हात कायम धातूच्या तारेवर असतो, आणि ती तार ब्रिजमार्फत अर्थला जोडलेली असते.

पिकअप घ्यायचे ठरलेच तर जॅझच्या आकारातले, पण प्रत्येकात आत दोन कॉइल असलेले घ्या. डिमार्झिओचा ‘मॉडेल जे’ हे जुनं, पारखलेलं उदाहरण आहे. सेमूर डंकन, नॉर्डस्ट्रँड यांचेही आहेत. कोणत्याही व्हॉल्यूमला शांत राहतात. सिंगल कॉइलची मोकळी, काचेसारखी वरची धार त्यात थोडी कमी होते, पण तुमच्या कामात ती ऑक्टोपॅडच्या झांजेखाली तशीही दबते. ‘जास्त आउटपुट’ या जाहिरातीला भुलू नका. डीआयनंतर पातळी वाढवणं हे मिक्सरच्या एका नॉबचं काम आहे. आल्निको की सिरॅमिक या वादात मी फारसा पडत नाही. चुंबक, पोल (तारेखालचे धातूचे खिळे), वेढे यांचा एकत्र परिणाम होतो. एकट्या चुंबकाच्या नावावरून आवाज सांगता येत नाही.

मागवण्याआधी पट्टी घेऊन मोजा. फेंडरच्या मापाच्या जोडीत पुढचा पिकअप साधारण ९२ मिलिमीटर आणि मागचा ९५ च्या जवळ असतो, पण आशियात बनलेल्या बऱ्याच बेसवर दोन्ही एकाच मापाचे असतात. जोडीनेच घ्या. एक नवा, एक जुना असं केलंत आणि दोघांची फेज (सिग्नलची वर-खाली होण्याची दिशा) जुळली नाही तर दोन्ही उघडल्यावर खर्ज गायब होतो. तसं झालंच तर एकाच्या दोन्ही तारा अदलाबदल करून बघा. पॉटचंही एक: चांगल्या अमेरिकन पॉटची मान ९.५ मिलिमीटरची असते, स्वस्त बेसच्या प्लेटमधली भोकं त्याहून लहान. रीमरने ती वाढवावी लागतात. पॉट २५० किलोओमचे, व्हॉल्यूमला ऑडिओ टेपर (कानाला समान वाटणारी चढण), टोनला ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बाजारात २५० मिळाला नाही म्हणून १०० चा लावला तर आवाज झाकोळतो.

पण या सगळ्याआधी, आहेत त्या पिकअपची उंची बघा. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून तारेच्या खालच्या कडेपासून पोलपर्यंत मोजा. ई तारेला सुमारे ३ मिलिमीटर, जी तारेला २.५ पासून सुरुवात करा आणि कानाने पुढे जा. फार वर घेतलात तर चुंबक जाड तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर थरथरतो आणि ट्यूनिंग कितीही नीट केलं तरी बेसूर भासतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात नेक हलते, तारेची उंची बदलते, म्हणून हे माप ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक जुळवणारी सळई) बघून झाल्यावर घ्या. रॉड एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही.

प्रीॲम्पला मी नाही का म्हणतो? बेसवादक मार्कस मिलरच्या १९७७ च्या जॅझ बेसमध्ये गिटार-कारागीर रॉजर सॅडोव्स्कीने प्रीॲम्प बसवला आणि तो आवाज जगभर गाजला, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. प्रीॲम्प लावला तर मिक्सरच्या भाराचा प्रश्नही सुटतो, हे खरं. पण तेच काम डीआय बेस न उघडता करतो, आणि स्वस्त प्रीॲम्पवर बहुतेकदा बेस आणि ट्रेबल एवढेच नॉब असतात, तुम्हाला हवा तो मध्य नसतो. खर्ज ६ डेसिबलने वाढवला की त्या भागात ॲम्पला चौपट ताकद द्यावी लागते. २० वॉटच्या डब्याकडे ती नाही. तो फाटतो.

तालमीच्या ॲम्पचा हाच मुद्दा. वॉट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल मिळतात, म्हणून २० वरून ४० ला जाण्यात अर्थ नाही. खरा ड्रमर असेल तर २०० ते ३०० वॉट आणि निदान एक १२ इंची किंवा दोन १० इंची स्पीकर हवेत. आजचे क्लास डी प्रकारचे हेड (स्पीकर नसलेला ॲम्प) वजनाला हलके असतात, कॅबिनेट जुनं चांगलं मिळालं तरी चालतं. ८ ओमचे दोन कॅबिनेट जोडले की ४ ओम होतात. हेडवर किमान किती ओम लिहिलेत ते बघूनच दुसरं जोडा. तोपर्यंत छोट्या ॲम्पवर खर्ज कमी आणि मध्य वर ठेवा. उघड्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा. लहान स्पीकर तो नीट देतच नाही, कान वरच्या हार्मोनिक्सवरून तो भरून घेतो. म्हणून हार्मोनिक्स ऐकू येऊ द्या. आणि कीबोर्डवाल्याला प्रेमाने सांगा की डावा हात एक सप्तक वर घे. एवढं एक सांगणं कधीकधी नव्या पिकअपपेक्षा जास्त देतं.

तारा बदला, तुम्ही शेवटच्या कधी बदलल्या ते लिहिलं नाहीये. जुनी हिंदी-मराठी गाणी जास्त असतील तर फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत गुंडाळीच्या तारा) लावून बघा: ठोस, गोल, पटकन विझणारा सूर. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या बेसवादक जेम्स जेमर्सनच्या प्रिसिजनवर फ्लॅटवाउंडच असत आणि तार तुटेपर्यंत तो ती बदलत नसे. सगळं मिसळून वाजवत असाल तर निकेलच्या राउंडवाउंड (गोल तारेच्या गुंडाळीच्या), जाडी ४५ ते १०५. घाम पुसून ठेवा, दमट हवेत त्या लवकर मरतात.

जड ब्रिजने तुम्हाला हवा तो मध्य मिळणार नाही. सॅडल (ब्रिजवर तार टेकते ते तुकडे) खडखडत असतील तर त्यांचे उंचीचे स्क्रू नीट बसवा. ट्यूनिंग उतरत असेल तर मशीन हेड बदलण्याआधी तार खुंटीवर दोन-तीन वेढे, वरून खाली अशी गुंडाळली आहे का ते तपासा.

डीआय आणि नव्या तारा लावून एक कार्यक्रम करा, मग गुणगुण वरच्या तीनपैकी कोणत्या जातीची आहे ते इथे लिहा. स्विच बसवायचा असेल तर कंट्रोलच्या खोबणीचा उजेडात काढलेला फोटो टाका, कोणती तार कुठे जाईल ते मी त्यावर खुणा करून देतो.